युरोपात एका सत्रासाठी अर्ज करताना: देशाची निवड, पात्रता आणि कागदपत्रे

युरोपात एक सत्र शिकायला जायचे ठरले की बोलणे शहरापासून सुरू होते: पॅरिस की प्राग, बार्सिलोना की बर्लिन. प्रत्यक्ष अर्जात मात्र शहराचे नाव सगळ्यात शेवटी ठरते. आपल्या विद्यापीठाचा ज्या विद्यापीठांशी करार आहे, त्यांपैकी जेथे आपल्या अभ्यासक्रमाशी जुळणारे विषय नेमक्या त्याच सत्रात शिकवले जातात, जेथील परीक्षा आपल्या पुढच्या सत्राच्या आड येत नाहीत आणि जेथील निवास परवाना हाती असलेल्या मुदतीत मिळू शकतो, अशी ठिकाणे गाळत गेले तर बहुधा दोन-तीनच नावे उरतात. आवडीनिवडीचा प्रश्न तेव्हा विचारावा. आधी शहर आणि मग विषय असा उलटा क्रम धरणाऱ्यांचेच अर्ज ऐन वेळी अडतात.

करारावर जाणे आणि स्वतंत्रपणे जाणे

जाण्याचे मार्ग दोन आहेत. पहिला विद्यापीठांमधील देवाणघेवाण कराराचा, दुसरा कोणत्याही कराराशिवाय स्वतःहून प्रवेश घेण्याचा. अशा विद्यार्थ्याला तिकडे ‘फ्री मूव्हर’ म्हणतात. या दोहोंतला मोठा फरक पैशाचा आहे. करारावर जाणारा विद्यार्थी आपले शुल्क मूळ विद्यापीठातच भरत राहतो आणि यजमान विद्यापीठ त्याच्याकडून शिक्षणशुल्क घेत नाही. स्वतंत्रपणे जाणाऱ्याला यजमान विद्यापीठाचे शुल्क भरावे लागते आणि ते देशोदेशी, कधी एकाच देशात राज्याराज्यांत वेगळे असते. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून प्रतिसत्र १,५०० युरो शुल्क आहे; करारावर आलेल्यांना ते माफ असते.

करारांचे सर्वांत मोठे जाळे इरॅस्मस कार्यक्रमाचे आहे. १९८७ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम सध्या ‘इरॅस्मस प्लस’ या नावाने २०२१ ते २०२७ या कालखंडासाठी चालू आहे. त्याच्या नियमांनुसार यजमान विद्यापीठाला शिकवणी, नोंदणी, परीक्षा, प्रयोगशाळा किंवा ग्रंथालय यांसाठी शुल्क आकारता येत नाही. विमा किंवा विद्यार्थी संघटना यांसाठीची किरकोळ रक्कम मात्र स्थानिक विद्यार्थ्यांइतकीच घेता येते. जर्मन विद्यापीठे सत्राच्या सुरुवातीला जी वर्गणी मागतात ती बहुतांशी याच प्रकारची असते आणि पुष्कळ ठिकाणी तिच्यातच सार्वजनिक वाहतुकीचा पास येतो, त्यामुळे ती पाहून शिक्षणशुल्क लागले असे समजू नये.

पात्रता

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. इरॅस्मसची पात्रता नागरिकत्वावर नव्हे, तर नोंदणीवर ठरते. युरोपीय संघाबाहेरचे नागरिकत्व असलेला विद्यार्थी संघातील विद्यापीठात पदवी घेत असेल, तर तो तेथून दुसऱ्या देशात एका सत्रासाठी जाऊ शकतो. संघाबाहेरील विद्यापीठाचे विद्यार्थीही येऊ शकतात, पण त्यासाठी दोन विद्यापीठांत करार आणि यजमान विद्यापीठाकडे त्या देशासाठी मंजूर निधी, या दोन्ही गोष्टी असाव्या लागतात. व्हिसाच्या बाबतीत मात्र नागरिकत्वच मोजले जाते. या दोन प्रश्नांची सरमिसळ न करता ते दोन वेगळ्या कार्यालयांना विचारणे बरे.

अभ्यासाचा मुक्काम किमान दोन महिन्यांचा असावा लागतो आणि पदवी, पदव्युत्तर व डॉक्टरेट या प्रत्येक टप्प्यावर सारे मुक्काम मिळून कमाल बारा महिने मिळतात. बहुतेक यजमान विद्यापीठे पदवीचे पहिले वर्ष पूर्ण झाल्याची अट घालतात. भाषेसाठी युरोपात ए-१ (सर्वांत खालची) ते सी-२ (सर्वांत वरची) अशी सहा पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या विषयांसाठी सामान्यतः बी-२ मागितले जाते. शहर आणि भाषा यांचा मेळही तपासावा. स्पॅनिश येते म्हणून बार्सिलोना निवडणाऱ्याला तेथील अनेक तासिका कॅटलान या स्थानिक भाषेत होतात हे वर्गात बसल्यावर कळू नये.

विषयांचा तक्ता, म्हणजे लर्निंग अ‍ॅग्रीमेंट

सगळ्या कागदांत जास्तीत जास्त वेळ द्यावा असा कागद हाच. त्यात दोन तक्ते असतात: एकात यजमान विद्यापीठात घ्यावयाचे विषय, दुसऱ्यात त्यांच्या बदल्यात मूळ विद्यापीठ कोणते विषय पूर्ण झाले असे मानणार ते. खाली विद्यार्थी, मूळ विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या लागतात आणि त्या जाण्यापूर्वी झालेल्या असाव्या लागतात. आता हा कागद बहुतेक ठिकाणी ऑनलाइन भरला जातो.

श्रेयांकांची (क्रेडिट्सची) मोजणी ‘ईसीटीएस’ या युरोपभर चालणाऱ्या पद्धतीने होते. पूर्ण वर्षाचे ६०, म्हणून सत्राचे ३०. एक श्रेयांक म्हणजे तासिका, स्वाध्याय आणि परीक्षेची तयारी मिळून २५ ते ३० तासांचे काम. पाच श्रेयांकांच्या एका विषयामागे अशा हिशेबाने १२५ ते १५० तास जातात. सात-आठ विषय भरून ‘जास्तीचे असू द्यावेत’ असा विचार करणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा कागदावर करून पाहावा.

विषयाच्या यादीत नावापेक्षा नावापुढची बारीक अक्षरे महत्त्वाची असतात: विषय कोणत्या सत्रात आहे, कोणत्या भाषेत आहे, किती श्रेयांकांचा आहे, आधी कोणता विषय झालेला असावा लागतो आणि तो पाहुण्या विद्यार्थ्यांना खुला आहे का. जर्मन यादीत हिवाळी सत्राचा उल्लेख ‘विंटरझेमेस्टर’ आणि उन्हाळी सत्राचा ‘झोमरझेमेस्टर’ असा येतो. हा एक शब्द न वाचल्यामुळे सहा महिन्यांनी येणारा विषय तक्त्यात बसलेला असतो. शिवाय त्या सत्राचे पक्के वेळापत्रक अनेक ठिकाणी सत्र तोंडावर आल्यावरच प्रसिद्ध होते, म्हणून अर्जाच्या वेळी मागच्या वर्षीच्या यादीवरूनच अंदाज बांधावा लागतो.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीने पाच श्रेयांकांचे सहा विषय निवडले. पहिल्या आठवड्यात दोन विषय मंगळवारी सकाळी एकाच वेळी येत असल्याचे दिसले आणि तिसऱ्याचे अध्यापन स्थानिक भाषेत निघाले. तिच्याकडे वीसच श्रेयांक उरतात. यासाठी नियमांत बदलाची सोय आहे: सत्र सुरू झाल्यापासून साधारण पाच आठवड्यांत बदल मांडता येतो, मात्र त्यावर पुन्हा तिन्ही बाजूंची संमती लागते. म्हणून जाण्यापूर्वीच दोन-तीन पर्यायी विषय मूळ विभागाला दाखवून, ‘हे घेतले तरी चालतील’ असे ई-मेलवर लेखी घेऊन ठेवावे. तोंडी होकार परत आल्यावर उपयोगी पडत नाही.

गुणांच्या रूपांतराचा प्रश्नही याच वेळी विचारावा. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला उत्तीर्ण करतात आणि १४ गुण चांगले समजले जातात, इटलीत ३० पैकी १८ ला उत्तीर्ण, जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० ही उत्तीर्णतेची सीमा, म्हणजे आकडा जितका लहान तितके यश मोठे. फ्रान्समधल्या १४ ला सरळ ७० टक्के लावले तर विद्यार्थ्याचे नुकसान होते. आपले विद्यापीठ श्रेणी रूपांतरित करते की फक्त ‘उत्तीर्ण’ नोंदवते, याचे उत्तर जाण्यापूर्वीच हाती असावे.

सत्राचे वेळापत्रक

युरोपभर एकच सत्र नसते. आयर्लंडमध्ये पहिले सत्र सप्टेंबरात सुरू होऊन डिसेंबरातल्या परीक्षांनी सहसा नाताळापूर्वी संपते. स्वीडनमध्ये ते ऑगस्टअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत, नेदरलँड्समध्ये सप्टेंबर ते जानेवारीअखेर चालते. जर्मन विद्यापीठांत हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असे असून तासिका ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत होतात. इटलीत परीक्षांचा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीत असतो आणि त्यांतल्या पुष्कळ परीक्षा तोंडी असतात. ज्यांचे पुढचे सत्र जानेवारीतच सुरू होते, त्यांच्यासाठी जर्मनी आणि इटली या एकाच कारणाने बाद होऊ शकतात. अशांनी आयर्लंडकडे पाहावे किंवा वसंत सत्राचा विचार करावा.

अर्जाचे टप्पे असे चालतात: प्रथम मूळ विद्यापीठात अंतर्गत निवड होते, मग ते विद्यापीठ यजमानाकडे नामांकन पाठवते आणि त्यानंतरच विद्यार्थ्याला यजमानाच्या संकेतस्थळावर अर्ज भरण्याचा दुवा येतो. शरद सत्रासाठी नामांकने साधारणपणे एप्रिल-मेमध्ये आणि वसंत सत्रासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जातात. अंतर्गत निवड त्याच्याही काही महिने आधी झालेली असते.

व्हिसा, निवास परवाना आणि पैशाचा पुरावा

संघाच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही. इतरांसाठी, ज्यांना शेंगेन क्षेत्रात (आपसांतल्या सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत) व्हिसाशिवाय येता येते त्यांच्यासाठीसुद्धा, मर्यादा १८० दिवसांत ९० दिवसांची आहे आणि सत्र चार-पाच महिन्यांचे असते. त्यामुळे त्या-त्या देशाचा दीर्घ मुदतीचा ‘डी’ प्रकारचा व्हिसा किंवा निवास परवाना घ्यावा लागतो. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. तेथील व्हिसावर शेंगेन देशांत हिंडता येत नाही, हे स्वस्त विमानतिकिटे काढण्यापूर्वी लक्षात असावे. संघातील एका देशाचा विद्यार्थी परवाना आधीच असेल आणि देवाणघेवाण करारावर जायचे असेल, तर २०१६ च्या संघ निर्देशानुसार दुसऱ्या सदस्य देशात ३६० दिवसांपर्यंत शिकता येते, मात्र काही देश पूर्वसूचना मागतात. डेन्मार्क आणि आयर्लंड या निर्देशात नाहीत.

अर्ज कोणी करायचा हेही देशागणिक बदलते. नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्याच्या वतीने यजमान विद्यापीठच परवान्यासाठी अर्ज करते. इतर बहुतेक ठिकाणी तो विद्यार्थ्याने करायचा असतो. नेदरलँड्सची खरी अडचण घरांची आहे. तेथील मोठ्या शहरांत खोली मिळणे इतके कठीण झाले आहे की खोली निश्चित झाल्याखेरीज त्या देशाला होकार देऊ नये, असे माझे मत आहे.

निर्वाहाच्या पैशाचा पुरावा सर्वत्र मागतात, पण रक्कम आणि पद्धत वेगळी. जर्मनीत सप्टेंबर २०२४ पासून दरमहा ९९२ युरो धरतात, म्हणजे सहा महिन्यांचे ५,९५२ युरो. ही रक्कम सहसा गोठवलेल्या खात्यात ठेवावी लागते आणि तेथे गेल्यावर दरमहा ठरावीक हप्त्यानेच काढता येते. फ्रान्समध्ये दरमहा ६१५ युरोंचा, फिनलंडमध्ये ८०० युरोंचा आधार दाखवावा लागतो. हे आकडे बदलतात, म्हणून अर्ज भरण्याच्या आठवड्यात वकिलातीच्या संकेतस्थळावरून पुन्हा पडताळावेत.

कागदपत्रे

संचात सर्वसाधारणपणे पासपोर्ट, यजमानाचे स्वीकृतिपत्र, मूळ विद्यापीठाचे बोनाफाईड आणि ट्रान्सक्रिप्ट (विषयवार गुणांचा अधिकृत दाखला), सह्या झालेले लर्निंग अ‍ॅग्रीमेंट, भाषेचे प्रमाणपत्र, पैशाचा पुरावा, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि आरोग्य विमा हे कागद असतात. शेंगेनच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो; दीर्घ मुदतीसाठी देशाचे नियम वेगळे असतात आणि प्रवास विमा तेथे नेहमी पुरत नाही. पासपोर्टची मुदत मुक्काम संपल्यानंतर किमान तीन महिने शिल्लक असावी. पासपोर्टवर आणि ट्रान्सक्रिप्टवर नाव अक्षरशः एकच असावे, कारण एका अक्षराच्या फरकासाठीही स्पष्टीकरणपत्र मागितले जाते. काही देश प्रमाणपत्रांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जाणारा खरेपणाचा सरकारी शिक्का, मागतात; त्यासाठी वेगळे दिवस धरावेत.

पोहोचल्यावर घड्याळ लगेच सुरू होते. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि त्यासाठी घरमालकाचे सहीचे पत्र लागते. इटलीत निवास परवान्याचा अर्ज आठ कामाच्या दिवसांत करायचा असतो. त्याचा लिफाफा टपाल कार्यालयात मिळतो आणि तेथेच भरून द्यायचा असतो. फ्रान्समध्ये निवास परवान्याच्या दर्जाचा दीर्घ व्हिसा असेल, तर तो तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन प्रमाणित करावा लागतो.

निघताना यजमान कार्यालयाकडून मुक्कामाच्या प्रत्यक्ष तारखांचा दाखला सही-शिक्क्यासह घ्यावा, कारण इरॅस्मसची शिष्यवृत्ती असेल तर तिचा अंतिम हिशेब या तारखांवरून होतो आणि उरलेला हप्ता सहसा परतल्यानंतरची प्रश्नावली भरल्यावरच मिळतो. ट्रान्सक्रिप्ट निकालानंतर पाच आठवड्यांत मूळ विद्यापीठाकडे पाठवणे यजमानाकडून अपेक्षित असते. ते वेळेत आले नाही, तर यजमान विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विद्यार्थी क्रमांकासह लिहावे.