चेरो-कोला : न्यायालयात हरलेले नाव आणि बाटल्यांवर उरलेला इतिहास

अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत घराघरांत ठाऊक असलेले ‘चेरो-कोला’ हे पेय आज बहुतेकांनी ऐकलेलेही नाही. ज्या पेयाच्या नावाने कंपनी ओळखली जात होती, ज्याच्या नावाने गावोगावी बाटल्या भरण्याचे कारखाने उभे राहिले होते आणि ज्याच्या पाट्या दुकानांच्या भिंतींवर ठोकलेल्या होत्या, ते इतके पुसले कसे गेले, याचे उत्तर चवीत सापडत नाही. ते व्यापारचिन्हांच्या खटल्यांत, साखरेच्या भावात आणि कंपनीने वेळोवेळी बदललेल्या नावांत सापडते. म्हणूनच या ब्रँडच्या जुन्या वस्तू गोळा करणाऱ्याला आणि त्याचा इतिहास लिहिणाऱ्याला एकच वाट धरावी लागते : नाव कधी बदलले आणि का बदलले, हे आधी नीट समजून घ्यायचे आणि मग हाती आलेली वस्तू त्या कालक्रमात बसवायची.

या कथेचे मूळ जॉर्जिया राज्यात चॅटाहूची नदीकाठी वसलेल्या कोलंबस या शहरात आहे. कोका-कोलाचा जनक मानला जाणारा औषधविक्रेता जॉन पेंबर्टन अटलांटाला जाण्यापूर्वी याच शहरात राहत होता आणि 1865 मध्ये तेथील लढाईत जखमीही झाला होता, त्यामुळे शीतपेयांच्या इतिहासात या शहराचे स्थान एरवीही मोठे आहे. क्लॉड हॅचर हाही शिक्षणाने औषधविक्रेताच होता. वडिलांबरोबर तो किराणा मालाचा घाऊक व्यवसाय पाहत असे. त्यांची पेढी कोका-कोलाचा अर्क मोठ्या प्रमाणावर विकत घेई, पण एवढी खरेदी करूनही घाऊक सूट मिळेना, म्हणून हॅचरने स्वतःचेच पेय बनवायचे ठरवले, अशी हकीकत कंपनीच्या इतिहासात सांगितली जाते. 1905 मध्ये पेढीच्या तळघरात तयार झालेले त्याचे पहिले पेय म्हणजे ‘रॉयल क्राऊन जिंजर एल’ आणि तेव्हाच्या व्यवसायाचे नाव ‘युनियन बॉटलिंग वर्क्स’. ‘रॉयल क्राऊन’ हे शब्द येथे ध्यानात ठेवावेत, कारण जवळपास तीस वर्षांनी तेच कंपनीला तारणार होते.

त्यानंतर चेरीची छटा असलेले कोला पेय आले, ते चेरो-कोला. त्याला एवढा प्रतिसाद मिळाला की 1912 मध्ये हॅचरने कंपनीचेच नाव ‘चेरो-कोला कंपनी’ केले. विक्रीची पद्धत कोका-कोलाने रूढ केलेलीच होती. मूळ कंपनीने अर्क बनवायचा आणि गावोगावच्या स्वतंत्र कारखानदारांनी ठरलेल्या प्रदेशाचा हक्क घेऊन त्यात सोड्याचे पाणी मिसळायचे, बाटल्या भरायच्या आणि आसपासच्या दुकानांत पोहोचवायच्या. संग्राहकाच्या दृष्टीने या व्यवस्थेइतकी महत्त्वाची दुसरी गोष्ट नाही. बाटली ही मध्यवर्ती कंपनीची मालमत्ता नसे. ती स्थानिक कारखानदाराची असे आणि रिकामी झाली की परत यावी अशी त्याची अपेक्षा असे, म्हणून तिच्या अंगावर किंवा बुडावर गावाचे नाव उठावाच्या अक्षरांत घातलेले असे. एकाच ब्रँडच्या इतक्या वेगवेगळ्या गावांच्या बाटल्या का सापडतात, याचे कारण हे आहे आणि संग्रहाची खरी गोडीही त्यातच आहे.

यशाबरोबर खटलेही आले. कोका-कोला कंपनी त्या काळात तिच्या नावाशी मिळत्याजुळत्या नावांविरुद्ध एकामागून एक दावे लावत होती आणि हॅरॉल्ड हर्श हा तिचा वकील या मोहिमेचा सूत्रधार होता. 1920 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘कोक’ (Koke) या प्रतिस्पर्धी पेयाच्या नावाच्या खटल्यात कोका-कोलाच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी लिहिलेल्या त्या निकालाने कंपनीची बाजू भक्कम झाली. पुढच्याच वर्षी, 1921 मध्ये, वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने चेरो-कोला या व्यापारचिन्हाच्या नोंदणीला कोका-कोलाने घेतलेली हरकत मान्य केली. दोन्ही नावे एकाच प्रकारच्या पेयाची आणि कानाला जवळची असल्याने ग्राहकाची गफलत होईल, हा या निर्णयाचा गाभा होता. वाद तेथेच थांबला नाही आणि अखेर हॅचरच्या कंपनीला ‘कोला’ हा शब्द सोडून नुसत्या ‘चेरो’ नावाने पेय विकण्याची वेळ आली. विक्री झपाट्याने घसरली. पेय तेच होते, बनवणारे तेच होते, पण दुकानात ज्या नावाने गिऱ्हाईक मागणी करी, ते नावच अर्धे उरले होते.

याच सुमारास साखरेने घात केला. पहिल्या महायुद्धात साखरेवर नियंत्रणे आली आणि युद्धानंतर ती उठताच भाव भडकले. 1920 च्या मे महिन्यात कच्च्या साखरेचा भाव पौंडाला 20 सेंटच्या पुढे गेला आणि वर्ष संपेपर्यंत तो कोसळून 5 सेंटच्याही खाली आला. भाव आणखी वाढतील या भीतीने ज्यांनी चढ्या दराने साठा केला, ते सगळे पेयनिर्माते अडचणीत सापडले. 1923 मध्ये पेप्सी-कोलाची मूळ कंपनी दिवाळखोरीत निघाली, तिच्यामागेही हेच मोठे कारण होते. चेरो-कोला कंपनी बुडाली नाही, पण पुढची काही वर्षे ती कर्जाखाली राहिली. माझ्या मते चेरो-कोलाच्या ऱ्हासाचे सगळे खापर न्यायालयाच्या निकालावर फोडणे योग्य नाही. तिजोरी भरलेली असती, तर नव्या नावाची जाहिरात करून कंपनीला तो धक्का कदाचित पचवता आला असता. नाव आणि पैसा हे दोन्ही एकाच वेळी गेले, हे तिचे खरे दुर्दैव.

हॅचरने 1924 मध्ये फळांच्या स्वादाची ‘नेहाय’ ही पेये बाजारात आणली. संत्रे, द्राक्षे अशा स्वादांच्या या रंगीत पेयांत कोलाचा मागमूस नसल्याने खटल्याची धास्ती उरली नाही. ती इतकी खपली की 1928 मध्ये कंपनीने पुन्हा नाव बदलून ‘नेहाय कॉर्पोरेशन’ असे केले. चेरो-कोला हे कंपनीचे नाव म्हणून त्या वर्षी संपले. 1933 च्या अखेरीस हॅचरचे निधन झाले आणि त्याच्यानंतर सूत्रे हाती घेतलेल्या एच. आर. मॉट याने जुन्या कोलाला नवे रूप द्यायचे ठरवले. कृती सुधारून 1934 मध्ये ते पेय पुन्हा आले, पण चेरोच्या नावाने नव्हे, तर तळघरातल्या त्या पहिल्या जिंजर एलच्या नावाने. ‘रॉयल क्राऊन’ किंवा लोकांच्या तोंडी रुळलेले ‘आर. सी.’ ते हेच. पाच सेंटांत 12 औंसांची मोठी बाटली मिळत असल्याने मंदीच्या काळात त्याने जम बसवला. 1944 मध्ये न्यायालयाने ‘कोला’ हा शब्द वापरण्याची मुभा दिली आणि 1959 मध्ये कंपनी ‘रॉयल क्राऊन कोला कंपनी’ झाली. जो शब्द गमावल्याने चेरो-कोला लयाला गेली, तो अखेर परत मिळाला, पण तोवर चेरो हे नाव मागे पडले होते.

एवढा क्रम मनात पक्का असला की वस्तू बोलू लागतात. चेरो-कोलाच्या भराच्या वर्षांतच अमेरिकेतील काचकाम हातातून यंत्राकडे गेले, त्यामुळे बाटलीची घडणच बरेच काही सांगते. मायकेल ओवेन्सचे स्वयंचलित बाटली-यंत्र 1903 पासून वापरात आले. साच्याच्या जोडाची रेघ बाटलीच्या मानेवरून थेट ओठाच्या कडेपर्यंत गेली असेल, तर बाटली यंत्राची समजावी. रेघ ओठाच्या खालीच विरत असेल, तर ओठ कारागिराने अवजाराने घडवलेला आहे आणि बाटली बहुधा आधीची आहे. दोन्ही पद्धती काही वर्षे शेजारी-शेजारी चालू होत्या, म्हणून केवळ या एका खुणेवरून नेमके वर्ष सांगण्याचा मोह टाळावा.

यापेक्षा भरवशाची खूण कायद्याने दिली आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध कायद्यात 1913 मध्ये झालेल्या गूल्ड दुरुस्तीने बंद पाकिटातील किंवा बाटलीतील खाद्यपदार्थाचे निव्वळ प्रमाण वेष्टनावर छापणे बंधनकारक केले आणि पुढच्या वर्षी ते अमलात आले. बाटलीवर द्रव-औंसांत प्रमाण कोरलेले असेल, तर ती साधारण त्यानंतरची. ते नसेल तर ती आधीची असण्याचा संभव बळावतो. सरळ अंगाच्या बाटल्यांनंतर पीळ दिलेल्या अंगाच्या बाटल्या आल्या. कोका-कोलाने 1915 मध्ये आपल्या बाकदार बाटलीचे पेटंट घेतल्यावर प्रत्येक पेयाला स्वतःची ओळखू येणारी आकृती हवीशी झाली होती आणि चेरो-कोलाची पिळाची बाटली त्याच स्पर्धेतून आली. भाजून पक्की केलेली रंगीत छापील लेबले मात्र 1930 च्या दशकात सुरू झाली, म्हणजे चेरो-कोलाच्या भराच्या काळात ती नव्हतीच. तसे लेबल असलेली बाटली ‘सुरुवातीच्या काळातील दुर्मीळ नमुना’ म्हणून कोणी पुढे केली, तर तेथेच थांबून चौकशी करावी.

काचेच्या रंगाबाबत विशेष सावध राहावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्या काळी काच रंगहीन करण्यासाठी तिच्यात मँगनीज घालत आणि अशी काच वर्षानुवर्षे उन्हात पडली की ती हलकी जांभळी होते. पहिल्या महायुद्धानंतर मँगनीजची जागा सेलेनियमने घेतली, म्हणून जांभळी छटा हे जुनेपणाचे लक्षण मानले जाऊ लागले आणि तिची किंमतही वाढली. तेव्हापासून काही विक्रेते किरणोत्सर्गी मारा करून साधी बाटली काही वेळात गडद जांभळी करतात. सूर्यप्रकाशाने येणारी छटा बहुधा फिकी असते, तर कृत्रिम जांभळेपण भडक आणि सगळीकडे सारखे असते. अशा बाटलीचे मूळ रूप कायमचे झाकले जाते, हे नुकसान मला किमतीच्या फसवणुकीहून मोठे वाटते.

पत्र्याच्या बुचांकडे सहसा फारसे लक्ष जात नाही. विल्यम पेंटरने 1892 मध्ये पेटंट घेतलेल्या क्राऊन बुचाला आतून कॉर्कची, म्हणजे बुचाच्या झाडाच्या सालीची, चकती असे. प्लॅस्टिकचे अस्तर त्यानंतर कित्येक दशकांनी आले. चेरो-कोलाच्या म्हणून दाखवलेल्या बुचाला आत प्लॅस्टिक दिसले, तर निर्णय सोपा आहे. छापील पत्र्याच्या पाट्यांच्या बाबतीत तो इतका सोपा नसतो, कारण नक्कल करणारे पत्रा मुद्दाम गंजवतात. खऱ्या पाटीवर खिळ्याच्या भोकाभोवती रंग ताणून तडकलेला असतो आणि झीज वारा-पाऊस लागलेल्या बाजूला जास्त असते. नकलेत ती सर्वत्र सारखी पसरलेली दिसते.

वस्तूंइतकाच कागदपत्रांचा शोध महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाचे अधिकृत राजपत्र 1872 पासून निघते आणि व्यापारचिन्हाच्या अर्जात ते चिन्ह प्रथम कधी वापरले, याचा दावा नोंदवलेला असतो. तो दावा अर्जदाराचा असतो, तपासलेले सत्य नव्हे, हे विसरू नये. सॅनबर्न कंपनीचे अग्निविम्याचे नकाशे याहून तटस्थ साक्षीदार ठरतात, कारण विमा ठरवण्यासाठी काढलेल्या या नकाशांत प्रत्येक इमारत, तिचे बांधकाम आणि तिचा वापर दाखवलेला असे आणि बाटल्या भरण्याचे कारखानेही त्यांत येतात. एकाच गावाचे दोन वेगळ्या वर्षांचे नकाशे शेजारी ठेवले की कारखाना कधी उघडला आणि कधी बंद झाला, याची दोन टोके हाती येतात. त्यांच्या मधली वर्षे शहरांच्या वार्षिक निर्देशिकांतून (रहिवासी व व्यवसायांच्या छापील याद्यांतून) भरता येतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ या संग्रहात जुनी वृत्तपत्रे शोधता येतात. त्यांतल्या जाहिरातींत नाव ‘चेरो-कोला’ वरून ‘चेरो’ आणि पुढे ‘नेहाय’ कसे झाले, हे गावागणिक पाहता येते.

येथे एक गुंता नेहमी आडवा येतो. मूळ कंपनीने नाव बदलले, तरी गावोगावचे कारखानदार आपले नाव लगेच बदलत नसत. आर. सी. कोलाच्या रंगीत लेबलांच्या पुष्कळ बाटल्यांवर ‘नेहाय बॉटलिंग कंपनी’ असे छापलेले आढळते ते यामुळेच. म्हणून बाटलीवर दिसणारे कारखान्याचे नाव आणि पेयाचे नाव या दोन वेगळ्या नोंदी मानाव्यात आणि काळ ठरवताना त्यांतील उशिराची नोंद ग्राह्य धरावी. ज्या गावाचे नाव असलेली बाटली सापडली, त्या गावाचा नकाशा, निर्देशिका आणि वृत्तपत्र ही तिन्ही जुळली, तरच तिला वर्ष चिकटवावे. बाटली कोठे सापडली, कोणत्या खोदकामात किंवा कोणत्या पडक्या दुकानात, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. गावाचे नाव पुसट झालेल्या बाटल्यांच्या बाबतीत पुढच्या अभ्यासकाला या एका नोंदीखेरीज दुसरा आधार मिळत नाही.