काळा कातळ तांबडा कसा होतो?

रत्नागिरीची तांबडी माती आणि सोलापूरची काळी माती एकाच दगडापासून झाल्या आहेत, हे सांगून पटकन पटत नाही. दगड म्हणजे आपला नेहमीचा काळा कातळ, बेसाल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं, तोच हा. पुढे जे वेगळं घडलं ते मुख्यतः पावसामुळे.

घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे थांबून पाहा. पिवळसर तपकिरी मुरमात गोल गोल धोंडे अडकलेले दिसतात आणि त्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटत असतात. एखादा फोडला तर आत काळाभोर दगड आणि कडेने तपकिरी पट्टा. दगडाची माती होण्याचं काम त्या पट्ट्यात चालू असतं.

पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. स्वच्छ पावसाचाही सामू (pH) 5.6 च्या आसपास असतो. हे सौम्य आम्ल भेगांतून झिरपतं. त्यातले हायड्रोजनचे आयन दगडातल्या फेल्डस्पार खनिजातून कॅल्शियम आणि सोडियमला हुसकावून लावतात, आणि मागे उरते चिकणमाती. लोहाचं गणित वेगळं. ताज्या बेसाल्टमधलं बरंचसं लोह दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं असतं. ऑक्सिजन भेटला की तिसराही जातो. असं लोह पाण्यात जवळपास विरघळतच नाही. गंज म्हणतो तो हाच.

कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस. विरघळलेलं सगळं तो वाहून नेतो. आधी सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम जातं, मग सावकाश सिलिकासुद्धा. लाखो वर्षांनी उरतात ती लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं, म्हणजेच तांबडा जांभा दगड. अॅल्युमिनियम फारच साठलं तर त्याला बॉक्साइट म्हणतात; कोल्हापूर जिल्ह्यात त्याच्या खाणी आहेत. (दक्षिण सिंधुदुर्ग आणि गोव्यात जांभ्याखाली बेसाल्टहून कितीतरी जुने खडकही सापडतात, तेव्हा जांभा दिसला की खाली बेसाल्टच असेल असं समजू नये.) जांभ्याच्या खाणीतला ओला चिरा, म्हणजे बांधकामासाठी कापलेला ठोकळा, तासायला मऊ असतो. हवेत वाळला की लोहाच्या संयुगांतलं पाणी उडतं, त्यांचे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि चिरा टणक होतो.

सोलापूरकडे पाऊस कोकणच्या पाव हिश्श्याइतका. धुऊन न्यायला पाणीच पुरत नाही. सिलिका आणि मॅग्नेशियम जागेवर राहतात, त्यांतून मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज बनतं. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरतं, म्हणून काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कॅल्शियमही तिथेच थांबतं. नांगरताना वर येणारे चुनखडीचे पांढरे खडे ते हेच. रंग पाहून ही माती सेंद्रिय पदार्थांनी भरलेली असेल असं वाटतं, पण सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी 1 टक्क्याच्याही आत असतो.

साताऱ्याजवळच्या कास पठारावरही जांभ्याचाच थर आहे. माती जेमतेम, त्यात नत्र तुटपुंजं. तिथे फुलणारी निळी-जांभळी सीतेची आसवं मुळांजवळच्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतात आणि नत्राची गरज त्यांच्यावर भागवतात.