कथेच्या आधीची वर्षं : कादंबऱ्यांवरचे रोल-प्लेइंग खेळ आणि काळाचा प्रश्न

पैठणच्या जुन्या कथांवर मराठीत रोल-प्लेइंग खेळ, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन गोष्ट एकत्र पुढे न्यायचा खेळ, रचावा, असं आमच्याकडे मराठवाड्यात खेळणाऱ्यांच्या बोलण्यात अधूनमधून येतं. बोलणं दरवेळी एकाच प्रश्नाशी येऊन थांबतं. खेळ कथेच्या कोणत्या काळात बसवायचा? मुख्य पात्रं हजर असताना, त्यांच्या आधी, की सगळं होऊन गेल्यावर? कादंबरीमालेवर खेळ करणाऱ्या प्रत्येकाला हे ठरवावं लागलं आहे. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या एकाच कादंबरीसाठी दोन खेळांनी दोन अगदी वेगळी उत्तरं दिली, आणि त्यांवरून अजूनही वाद होतात.

सुरुवातीचा भाग बहुतेकांना ठाऊक आहे. १९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या रोल-प्लेइंग खेळात 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधले हॉबिट (बुटके लोक), एंट (चालती-बोलती झाडं) आणि बॅलरॉग (आगीचा राक्षस) विनापरवाना आले होते. १९७७ मध्ये हक्कदारांनी हरकत घेतली, नावं बदलली गेली. कादंबरीच्या जगात उघडपणे खेळायचं तर परवाना हवा, हे तेव्हापासून सगळ्यांना कळून चुकलं. १९८१ मध्ये मायकेल मूरकॉकच्या एलरिक या नायकाच्या कथांवरचा 'स्टॉर्मब्रिंगर' खेळ आला. १९८४ च्या 'ड्रॅगनलान्स'मध्ये खेळाची साहसं आणि कादंबऱ्या एकाच प्रकाशकाने बरोबरच काढायला घेतल्या, आणि खेळाडूंच्या हाती थेट कादंबरीतलीच पात्रं दिली. त्यामुळे अडचण अशी झाली की पुढची पुस्तकं घडायची तर ही पात्रं जगायलाच हवीत. मग महत्त्वाचं पात्र खेळात मेलंच तर त्याचं प्रेत कुणाच्या हाती लागू देऊ नका, म्हणजे पुढे त्याला परत आणता येईल, असा सल्ला डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, देण्यात आला. ज्या खेळात मरणसुद्धा खरं नाही, तिथे खेळाडूच्या निर्णयाला वजन कुठून येणार?

त्याच १९८४ मध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या जगावरचा 'मिडल-अर्थ रोल प्लेइंग' आला. कादंबरीतलं मुद्रिकेचं, म्हणजे जादूच्या अंगठीवरून झालेलं, युद्ध तिसऱ्या युगाच्या ३०१८-१९ सालचं. या खेळाने मुख्य काळ धरला तो १६४० च्या आसपासचा, म्हणजे युद्धाच्या साडेतेराशेहून अधिक वर्षं आधीचा. वाचकांना हे विचित्र वाटलं. फ्रोडो नाही, अरागॉर्न नाही, म्हणजे कादंबरीचे नायकच नाहीत, आणि मुद्रिका नदीच्या तळाशी पडलेली. मग या जगात येऊन करायचं काय? परवाना महागाचा घ्यायचा आणि लोक ज्यासाठी येणार तेच वगळायचं, अशी टीका झाली.

मला हा निर्णय बरोबर वाटतो, आणि तो किती विचारपूर्वक घेतला होता हे सनावळी समोर ठेवली की दिसतं. १६३६ मध्ये गोंडोर या दक्षिणेतल्या राज्यात महामारी येऊन गेली होती आणि मॉर्डोर या शत्रूच्या देशाच्या सीमेवरचा पहारा उठला होता. उत्तरेत आर्थेडाइनचं राज्य अजून टिकून होतं आणि त्याचा शत्रू अँगमारही. मोरियात बटू राहत होते, कारण बॅलरॉग जागा व्हायला १९८० उजाडायचं होतं. मूळ लेखकाने या शतकांबद्दल परिशिष्टांत ओळी-दोन ओळींच्या नोंदी ठेवल्या होत्या. बाकी सगळं मोकळं. त्या मोकळ्या जागेत या खेळाच्या कर्त्यांनी पुढच्या पंधरा वर्षांत प्रदेशामागून प्रदेशाची पुस्तकं काढली: नकाशे, गावं, किल्ल्यांचे आराखडे. आजही ती डीएम मंडळी जपून ठेवतात.

या खेळाची खरी चूक जादूत होती. नियम एका जुन्या, गुंतागुंतीच्या पद्धतीतून छाटून आणलेले, टक्केवारीच्या फाशांवर चालणारे. त्यात मंत्रांच्या लांबलचक याद्या होत्या आणि कुणीही जादूगार होऊ शकत असे. कादंबरीत इस्तारी, म्हणजे खरे जादूगार, मोजून पाच आहेत, आणि तेसुद्धा जादू क्वचितच वापरतात. काळ नेमका निवडला, पण त्या काळात वावरण्याची रीत बाहेरून उसनी आणली. १९९९ मध्ये परवाना गेला आणि खेळ थांबला.

दुसरं उत्तर २०११ च्या 'द वन रिंग'ने दिलं. यात खेळ सुरू होतो २९४६ मध्ये, 'द हॉबिट' या आधीच्या कादंबरीतल्या पाच सैन्यांच्या लढाईनंतर पाच वर्षांनी. तिचा नायक बिल्बो घरी परतलेला आहे, फ्रोडो अजून जन्मलेला नाही. युद्धाला बहात्तर वर्षं आहेत, आणि ते येणार हे खेळणाऱ्याला ठाऊक आहे, पात्राला नाही. वर्षातून साधारण एक साहस, मग हिवाळ्यात विसावा. अशी तीस वर्षं चालणारी मोहीमही, म्हणजे जोडलेल्या साहसांची मालिका, पुढे निघाली. तिच्यात पात्रं म्हातारी होतात आणि त्यांची जागा वारस घेतात. मंत्रांच्या याद्या गेल्या. त्यांच्या जागी आशा आणि छाया यांचे गुण आले. प्रवासाला स्वतःचे नियम मिळाले: एक वाटाड्या, एक टेहळ्या, एक शिकार आणणारा, एक पहाऱ्यावर. आषाढीला दिंडीत चाललेल्या माणसाला ही वाटणी समजावून सांगावी लागत नाही. पुढे जाऊन मुक्कामाची जागा बघणारा वेगळा आणि शिधा सांभाळणारा वेगळा.

मधल्या आणि नंतरच्या काळात बरंच झालं. २००१ च्या 'व्हील ऑफ टाइम' या कादंबरीमालेवरच्या खेळात मोहीम कादंबऱ्यांच्या कथानकाला समांतर ठेवली होती, आणि खेळाडू मोठ्या घटनांच्या कडेकडेनेच फिरत राहतात, ही तिच्याबद्दलची तक्रार रास्त होती. २००९ मध्ये 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'च्या खेळाने काळाला हात न लावता जागा शोधली: प्रत्येक गटाने आपलं एक छोटं सरदार घराणं स्वतः घडवायचं. २०२४ मध्ये ब्रँडन सँडरसनच्या कॉस्मिअर या कल्पित विश्वातल्या कादंबऱ्यांवरच्या खेळासाठी लोकवर्गणीतून दीड कोटी डॉलरहून अधिक जमले. एवढा पैसा आल्यावर परवान्याच्या अटी सैल होण्याची आशा कमीच.

पैठणच्या बाबतीत परवान्याचा प्रश्नच येत नाही. 'कथासरित्सागर' अकराव्या शतकातला. वेताळाच्या पंचवीस कथा ज्या राजाला सांगितल्या गेल्या, तो त्यात गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, आहे. आणि या कथांचा मूळ कर्ता मानल्या गेलेल्या गुणाढ्याची कथा तर खेळासाठी रचल्यासारखी आहे. सातवाहनाच्या दरबारात तो व्याकरणाची पैज हरला, संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडून विंध्याच्या अरण्यात गेला, आणि पैशाची या भाषेत सात लाख श्लोक रक्ताने लिहिले. राजाने ते नाकारले. मग एकेक पान प्राण्यांना वाचून दाखवत त्याने सहा लाख श्लोक जाळले. राजा पोचला तेव्हा एक लाख उरले होते.

म्हणजे सातांतले सहा भाग कुणीच वाचलेले नाहीत. मिडल-अर्थवाल्यांना मोकळ्या जागेसाठी हजाराहून अधिक वर्षं मागे जावं लागलं. आपल्याकडे ती कथेतच आहे. म्हणून मला थेट गुणाढ्य किंवा राजा खेळायला देणं पटत नाही. 'ड्रॅगनलान्स'ची अडचण पुन्हा ओढवेल. काळ धरावा तो गुणाढ्य अरण्यात लिहीत असतानाचा, पोथी दरबारात येण्याआधीच्या वर्षांचा. पात्रं असावीत प्रतिष्ठानची आणि तगरची, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या आजच्या तेरची. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचपासून पैठण वीस दिवसांवर आणि तिथून पूर्वेला तगर दहा दिवसांवर सांगितलं आहे. तगरहून साधं कापड जात असे, पैठणहून गोमेदासारखे दगड. दहा दिवसांची वाट, मालाच्या गाड्या, वाटेत गोदेकाठचं स्मशान आणि झाडाला लटकलेलं प्रेत: पहिल्या मोहिमेला एवढं पुरे. प्रवासाचे नियम 'द वन रिंग'च्या धर्तीवर आधी लिहावेत, जादूचे सगळ्यात शेवटी.