अनफ्रेंड केल्यावर नेमकं कोण जातं?

निवडणुका लागल्या की फेसबुकवर एक पोस्ट हमखास दिसते, "अमक्या पक्षाच्या भक्तांनी आपणहून निघून जावं, नाहीतर मी काढून टाकीन", आणि खाली टाळ्यांचे इमोजी. मला हे वाचून दरवेळी वाईट वाटतं, कारण यात कोण काढलं जातं यावर अभ्यास झालाय आणि तो माणूस सहसा लांबच्या ओळखीतलाच कुणीतरी असतो.

2014 ला गाझा युद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. इस्रायलमधल्या निकोलस जॉन आणि शिरा द्विर-ग्वीर्समन या संशोधकांनी तिथल्या 1,013 ज्यू फेसबुक युजर्सचा सर्व्हे केला, तर 16 टक्के लोकांनी त्या काळात कुणाला तरी अनफ्रेंड किंवा अनफॉलो केलेलं निघालं. असं करणाऱ्यांमध्ये टोकाची मतं असलेले आणि राजकारणात जास्त ॲक्टिव्ह असलेले लोक जास्त होते, आणि नाती तुटली ती बहुतेक लांबच्या ओळखीतली. म्हणजे आपल्याकडचं सांगायचं तर दहावीच्या वर्गातला तो, जो आता लातूरला असतो, वर्षातून एकदा "हॅपी बड्डे भावा" लिहितो आणि मधूनच एखादा राजकीय फॉरवर्ड टाकतो. जिवलग मित्राशी आपण भांडतो पण त्याला ठेवतो, याला मात्र एका क्लिकमध्ये उडवतो.

आता ही लांबची ओळख बिनकामाची वाटते, पण तसं नाहीये. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवलं की ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी जेमतेम 17 टक्क्यांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती, बाकीच्यांना कधीतरी नाहीतर क्वचितच भेटणाऱ्यांकडून. कारण सरळ आहे, जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. मतांचंही तसंच, वेगळा विचार आपल्यापर्यंत येतो तो बऱ्याचदा या लातूरवाल्याकडूनच.

मग सगळ्यांना ठेवून सगळं वाचत बसायचं का? तर त्यानेही मन मोठं होतंच असं नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या समाजशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर बेल यांच्या प्रयोगात अमेरिकन ट्विटर युजर्सना पैसे देऊन महिनाभर विरुद्ध बाजूचे ट्विट दाखवले, तर तिथल्या रिपब्लिकन पक्षाचे समर्थक उलट आणखी कट्टर झाले.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो 2017 चा श्रोडर, कार्डास आणि एपली या संशोधकांचा प्रयोग. युद्ध, गर्भपात अशा विषयांवर आपल्या विरुद्ध मत असलेल्या माणसाचं म्हणणं काहींना वाचायला दिलं, काहींना त्याच्याच आवाजात ऐकवलं. नुसतं वाचणाऱ्यांना तो बिनडोक वाटण्याची शक्यता जास्त होती, ऐकणाऱ्यांना तो विचार करणारा माणूस वाटला, कारण बोलताना मधे थांबणं, आवाजाचा चढउतार यातून समोरच्याचं डोकं चालू असल्याचं कळतं आणि टाइप केलेल्या कमेंटमध्ये नेमकं तेच गळून जातं.

म्हणून मी तरी म्हणेन की डोकं तापलं तर त्याला महिनाभर म्यूट करा, आणि वाद घालायचाच असेल तर कमेंटमध्ये न घालता सरळ फोन लावा. धमक्या आणि आईबहिणीवरून शिव्या देणाऱ्याला मात्र बिनदिक्कत ब्लॉक करा, तिथे हे काहीच लागू नाही.