उन्हाळी दुखते, हे दुखत नाही

एप्रिल लागला की सोलापुरात घराघरांत सब्जा भिजतो. लघवीला जळजळ झाली की आपण म्हणतो, उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचं पाणी प्यायचं, उतरते. आमच्या गल्लीतल्या काकांनी लघवी लाल दिसल्यावर हेच केलं. तीस वर्षं सूत रंगवलेला माणूस. नखांच्या कडांना रंग कायमचा, खिशात विडीचं बंडल. दोन दिवसांत लाली गेली, तीन महिन्यांनी परत आली. ‘‘दुखत तर काहीच नाही, मग दवाखाना कशाला?’’

नेमकी इथेच फसगत होते. उन्हाळी जाळते. मूत्राशयाच्या कर्करोगातलं रक्त बहुतेक वेळा न दुखता येतं, आपोआप थांबतं आणि माणूस निर्धास्त होतो.

मूत्राशयाचं अस्तर जेमतेम काही पेशींच्या थरांचं. सर्वांत वरच्या पेशी छत्रीसारख्या पसरट. पिशवी भरली की ताणतात, रिकामी झाली की आकसतात, आणि लघवीतलं काही आत झिरपू देत नाहीत. त्यांचं दुखणं असं, की शरीराने बाहेर काढायचं ठरवलेलं विष त्यांच्याजवळच मुक्कामाला येतं. विडी-सिगारेटच्या धुरातली ॲरोमॅटिक अमाइन्स नावाची रसायनं फुप्फुसांतून रक्तात जातात, यकृत त्यांच्यावर प्रक्रिया करतं, मूत्रपिंड गाळतं. पण यकृतात तयार झालेली काही संयुगं आम्लधर्मी लघवीत सुटी होऊन पुन्हा सक्रिय होतात आणि अस्तराच्या पेशींतल्या डीएनएला चिकटतात. धूर फुप्फुसातून निघून जातो, हा माल तासन् तास साठून राहतो. जवळपास निम्म्या रुग्णांमागे तंबाखूचा धूर असतो, हे ऐकून लोक चकित होतात ते यामुळेच. विडीचा आणि लघवीचा काय संबंध?

रंगाचा संबंध त्याहून आधी कळला. १८९५ मध्ये फ्रँकफुर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांना फुक्सिन हा रंग बनवणाऱ्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्या. खरा गुन्हेगार सापडायला चाळीसेक वर्षं गेली: १९३८ मध्ये विल्हेल्म ह्यूपर यांनी बीटा-नॅफ्थिलअमाइन देऊन कुत्र्यांमध्ये तसाच कर्करोग घडवून दाखवला. तेही ॲरोमॅटिक अमाइनच, आणि बेंझिडीनही त्याच कुळातलं. त्यापासून बनणाऱ्या रंगांवर आपल्याकडे १९९०च्या दशकात बंदी आली. पण संपर्क आणि आजार यांत वीस-तीस वर्षांचं अंतर पडू शकतं. हातावरचा रंग धुतला म्हणून हिशेब मिटत नाही. काकांनाही शेवटी मूत्राशयात गाठ निघाली; ती रंगाने झाली की विडीने, हे मात्र कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

बहुतेक गाठी टर्किश टॉवेलवर सुताचे फासे उभे असतात तशा अस्तरावरून आतल्या पोकळीत वाढतात. या दुर्बिणीतून खरवडून काढता येतात, पण पुन्हा पुन्हा उगवतात. दुसरी जात सपाट पसरते, दिसायला नुसता लालसर डाग, आणि तीच जास्त घातकी: ती खाली स्नायूत उतरू शकते. स्नायूत शिरल्यावर बऱ्याचदा मूत्राशयच काढावं लागतं.

स्नायूत न उतरलेल्या, पण धोक्याच्या गाठींवरचं औषध ऐकून मला गंमत वाटली. बीसीजी! बाळाच्या दंडावर टोचतात तीच क्षयाची लस, इथे नळीने थेट मूत्राशयात सोडतात. तिच्यातल्या जंतूंमुळे प्रतिकारशक्ती खवळते आणि कर्करोगाच्या पेशींवरही तुटून पडते.

बायकांमध्ये हा रोग पुरुषांपेक्षा कमी, पण लाल लघवी म्हणजे इन्फेक्शनच, असं धरून गोळ्यांचे कोर्स चालू राहतात आणि निदान लांबतं. लघवीतले जंतू शोधणाऱ्या कल्चर तपासणीत जंतू नसतील, तरी रक्त दिसत असेल, तर सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी मागायला लाजू नये.

काकांची गाठ वरच्या थरातच होती. आता ते दर तीन महिन्यांनी दुर्बिणीला जातात. विडी सुटली. सब्जा चालू आहे.