बीप वाजला, पण एक्स-रे निघाला का?

गुरांच्या दवाखान्यातला एक्स-रे बंद पडला की तक्रार बहुतेक एकाच वाक्यात येते: 'मशीन वाजतंय, लाइट लागतोय, पण फोटो येईना.' सोलापूरकडे खेडोपाडी एक्स-रेला अजून 'फोटो'च म्हणतात, आणि वासरू पाय टेकत नसेल तर खिलारच्या मालकाला तो आत्ताच्या आत्ता हवा असतो. गंमत अशी, की लाइट आणि आवाज यांवरून किरण निघाले की नाही हे कळतच नाही. चौकोनी उजेड पाडतो तो साधा दिवा. किरण कुठे पडतील एवढंच तो दाखवतो. बऱ्याच मशीनमध्ये बीपचा अर्थही इतकाच, की बटणाचा हुकूम आत पोचला.

किरण तयार होतात ते निर्वात काचेच्या नळीत. एका टोकाला टंगस्टनची बारीक तार तापून पांढरी होते आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. हजारो व्होल्टच्या दाबाने ते समोरच्या टंगस्टनवर आदळतात आणि अचानक थबकतात. त्या थबकण्यात त्यांच्या ऊर्जेचा जेमतेम एक टक्का भाग क्ष-किरण होऊन निघतो, बाकीची सगळी उष्णता. जर्मन शास्त्रज्ञ रॉन्टगेनला 1895 मध्ये हे किरण सापडले, तापत्या तारेची नळी अमेरिकन शास्त्रज्ञ कूलिजने 1913 मध्ये आणली, आणि आजचं मशीनही मुळात तेच आहे. म्हणजे तार तापली पाहिजे, मोठा दाब मिळाला पाहिजे आणि दोन्ही एकाच क्षणी जुळले पाहिजेत.

पण आधी किरण खरंच निघत नाहीत का, हे बघा. जुन्या पद्धतीची फिल्म धुतल्यावर काचेसारखी स्वच्छ निघाली, तर तिच्यापर्यंत काही पोचलं नाही असा संशय घ्यायला जागा आहे. मात्र डेव्हलपरच्या (चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या) आधी चुकून फिक्सरमध्ये (चित्र पक्कं करणाऱ्या रसायनात) बुडवलेली फिल्मही तशीच स्वच्छ होते, आणि मग दोष बिचाऱ्या मशीनवर जातो. फिल्म ठेवायची चपटी पेटी, म्हणजे कॅसेट, उलटी ठेवली तरी पाठीमागचा शिशाचा थर बरेच किरण अडवतो. डिजिटल पॅनेलचं दुखणं वेगळं: बटण दाबलं तेव्हा ते 'तयार' नसेल, तर किरण येऊन गेले तरी त्याला पत्ता नसतो. खात्री करायची तर जुन्या कॅसेटमधला चमकणारा पडदा उघडा करून किरणांच्या वाटेत ठेवावा, खोलीत अंधार करावा आणि शिशाच्या आडोशामागून, शिशाच्या काचेतून बघावं. किरण असतील तर पडदा क्षणभर हिरवा किंवा निळा उजळतो. वाटेत हात घालून बघायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

पडदा उजळला नाही, तर मी आधी भिंतीतल्या सॉकेटकडे बघेन. उचलून न्यायच्या मशीनला 80 किलोव्होल्ट आणि 20 मिलिअँपिअर लावले तर नळीलाच 1600 वॉट लागतात. मधली गळती धरली तर 230 व्होल्टच्या लाइनवरून 10 अँपिअरच्या आसपास करंट ओढला जातो, तोही झटक्यात. आता सांगोल्याकडच्या एखाद्या गोठ्यावर 30 मीटरची, 0.75 चौरस मिलिमीटर तारेची एक्स्टेन्शन लावली, तर जाण्या-येण्याच्या तारेचा रोध साधारण दीड ओहम होतो आणि 15 व्होल्ट त्या वायरीतच जिरतात. शेजारी विहिरीची मोटार चालू असली, तर लाइन आधीच पडलेली. मल्टिमीटर नुसता लावून बघितला तर व्होल्टेज ठीक दिसतं आणि माणूस फसतो. बटण दाबलेलं असताना काटा किती खाली येतो, ते बघायचं. तेही सगळे लांब उभे राहून.

बटणाचंही तसंच. ते बहुधा दोन टप्प्यांचं असतं: अर्धं दाबलं की तयारी, पूर्ण दाबलं की किरण. घाईत एकदम दाबलं तर मशीन नकार देऊ शकतं. फिरत्या अॅनोडच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन ज्यावर आदळतात ती चकतीच फिरते अशा, मोठ्या मशीनमध्ये पहिल्या टप्प्यावर घरघर ऐकू आली पाहिजे. चकती फिरत नसेल तर मशीन किरण रोखून धरतं, कारण सगळा मारा एकाच जागी बसला तर 3422 अंशांना वितळणारं टंगस्टनही टिकत नाही. हातातल्या बटणाची वायर रोज वाकून वाकून आतून तुटते, हेही नेहमीचंच. नळीभोवतीचं तेल तापलं तरी कुलूप लागतं. पारा 40 च्या वर असताना, पत्र्याच्या शेडमध्ये एकामागून एक पाच-सहा फोटो काढले तर मशीन थांबतं. ते बिघडलेलं नसतं, त्याला गार व्हायला वेळ हवा असतो.

एवढं करूनही किरण नसतील, तर मशीनच्या मीटरवरचे आकडे बोलतात. किलोव्होल्ट आहेत पण मिलिअँपिअर शून्य, म्हणजे तार तुटली किंवा तिला तापवणारा सर्किटचा भाग गेला. मिलिअँपिअर उसळून ब्रेकर पडतो, तर नळीत वायू शिरल्याचा संशय. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या नळीत हे होतं, म्हणून अशी नळी कमी दाबापासून हळूहळू वर चढवतात. याच्या पुढे झाकण उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा चार्ज उरतो, आणि छोट्या मशीनमध्ये नळी आणि ट्रान्सफॉर्मर एकाच तेलाच्या डब्यात सील केलेले असतात. नळी बदलली तर किलोव्होल्ट, वेळ आणि बाहेर गळणारे किरण पुन्हा मोजून घ्यावे लागतात.

इंजिनिअरला फोन लावाल तेव्हा मशीनच्या स्क्रीनवरचा एरर कोड, किलोव्होल्ट आणि मिलिअँपिअरचे आकडे, बटण दाबताना पडलेलं व्होल्टेज आणि मशीन किती दिवस बंद होतं, एवढं कागदावर लिहून समोर ठेवा. नुसतं 'चालत नाही' म्हणालात, तर तो पहिल्या खेपेला बघून जाईल आणि पार्ट आणायला परत जाईल.