१.३ डिझेल वाल्यांनो, गाडी आणायच्या आधी चेक इंजिनचा कोड डिलीट करू नका

स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, ब्रेझा, जुनी अर्टिगा, सियाझ, पुंटो, लिनिया, व्हिस्टा-मांझाची क्वाड्राजेट, यातलं काहीही डिझेलमध्ये असेल तर बॉनेटखाली बहुतेक एकच इंजिन आहे, फियाटचं १.३ मल्टिजेट. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट, आणि आपल्या रांजणगावला पण ते बनायचं. १२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, कॉमन रेल, टायमिंगला बेल्ट नाही तर चेन. २००७ ला स्विफ्टमध्ये आलं आणि २०२० ला धुराच्या प्रदूषणाचे बीएस६ नियम आल्यावर बंद झालं, म्हणजे आमच्याकडे येणारी नवीनातली नवीन गाडीही आता काही वर्षं वापरलेली असतेच.

रोज येणारा फोन एकच असतो, "पिकअप गेलाय, टर्बो गेला बहुतेक, किती घ्याल?" फोनवर आम्ही टर्बोचा (इंजिनात जादा हवा दाबून ताकद देणारा पंखा) रेट सांगत नाही, यावर काही जण चिडतात पण त्याचं कारण आहे. पिकअप गेला म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्यांत टर्बो चांगला असतो, आणि चांगला टर्बो काढून नवा बसवला की पैसे जातात आणि तक्रार तिथंच राहते.

आधी एक बघा. ७५ पीएसवाल्या गाड्यांत (स्विफ्ट, डिझायर, रिट्झ) साधा टर्बो आहे, १९० एनएम टॉर्क, पण तो येतो २००० आरपीएमच्या आसपास. त्याच्याखाली गाडी दबलेली वाटणार, हा बिघाड नाही, हे इंजिन पहिल्या दिवसापासून असंच आहे, गिअर एक खाली घ्या. ९० पीएसवाल्यांत (ब्रेझा, सियाझ, अर्टिगा, एसएक्सफोर) व्हेरिएबल जिऑमेट्री टर्बो (आतल्या पात्यांचा कोन बदलणारा) आहे, २०० एनएम, तो जरा लवकर उचलतो पण गाडी कायम सिटीतच हळू चालवली तर आतल्या पात्या काजळीने जाम होतात. म्हणून ९० पीएसवाल्यांना आम्ही सांगतो की अधूनमधून हायवेला नेऊन इंजिन गरम झाल्यावर मोकळं चालवा.

आता मुद्द्याचं. खंबाटकी चढताना गाडी एकदम मरगळते, चेक इंजिन लाईट लागते, बंद करून चालू केली की परत ठीक. मग कुणीतरी दोनशे-तीनशेचा ब्लूटूथ स्कॅनर लावून कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा नंबर) उडवतो किंवा बॅटरीची केबल काढून परत लावतो, लाईट गेली, सगळे खूश, आणि दोन दिवसांनी गाडी आमच्याकडे. आमच्याकडे आल्यावर स्कॅनरवर काहीच नाही.

त्या कोडसोबत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्या क्षणाची नोंद ठेवतो, आरपीएम किती, स्पीड किती, लोड किती, कूलंटचं टेंपरेचर किती. गाडी नेमकी चढाला फुल लोडवर मरगळली का सिग्नलला उभी असताना, हे त्यावरून लगेच कळतं. कोड डिलीट केला की ती नोंदपण जाते. मग आम्हाला लॅपटॉप लावून तुमची गाडी घाटात न्यावी लागते आणि फॉल्ट परत येईपर्यंत फिरवावी लागते, तो कधी पहिल्या चढाला येतो, कधी येतच नाही आणि गाडी मुक्कामाला राहते. जे काम दुपारपर्यंत झालं असतं त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि वेळ तुमचाच जातो. स्कॅनर लावायला आमची ना नाही, जरूर लावा, फक्त स्क्रीनचा फोटो काढा आणि क्लिअरचं बटण दाबू नका.

कोड वाचताना पण घाई करू नका. पी०२९९ आला म्हणजे बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) कमी पडतंय एवढंच ईसीयू सांगतोय, टर्बो गेला असं तो कुठंच म्हणत नाही. आम्ही पहिला हात घालतो इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजला. क्लिपजवळ खालच्या बाजूला तेलकट काळा डाग दिसतो, तिथं बोट फिरवून रबर जरा वाकवलं की चीर उघडते. उभ्या गाडीत ती दिसत नाही, बूस्ट भरला की उघडते आणि सुस्स आवाज येतो. त्या पाईपमध्ये आतून थोडं ऑइल असणं नॉर्मल आहे, ब्रीदरची (इंजिनच्या आतल्या) वाफ तिकडूनच जाते, त्यावरून कुणी टर्बोचं सील गेलं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. सील गेलं तर निळा धूर येतो आणि डिपस्टिकवर ऑइल खाली जात राहतं. काळा धूर आणि मरगळ असेल तर ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारा) काजळीने अडकलेला असू शकतो, नाहीतर बूस्ट सेन्सर भरलेला, दोन्ही साफ होतात. पी००८७ असेल तर मामला रेल प्रेशरचा, म्हणजे इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलच्या प्रेशरचा, आम्ही डिझेल फिल्टरपासून सुरू करतो, पंप-इंजेक्टरला नंतर हात लावतो. ईजीआर कायमचा बंद करून द्या असं बरेच जण सांगतात, ते काम आम्ही करत नाही.

सगळ्यात जास्त भीती वाटते ती पी००१६ डिलीट करून आलेल्या गाडीची. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) आणि क्रँकचं (पिस्टन फिरवतात तो शाफ्ट) टायमिंग जुळत नाही असा तो कोड, सेन्सर-वायरिंग ठीक असेल तर चेन लांबलीय असं समजा. या इंजिनाचा चेन टेन्शनर (चेन ताणून धरणारा पार्ट) ऑइलच्या प्रेशरवर चालतो आणि संपमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत) ऑइल मावतं जेमतेम तीन लिटरच्या आसपास, त्यामुळे ऑइल जुनं झालं किंवा लेव्हल उतरली की चेनला त्रास होतोच. सकाळी पहिल्या स्टार्टला एका बाजूने खडखड येते, थोड्या वेळाने थांबते, मालक म्हणतो डिझेल आहे, आवाज करणारच. चेनने दात सोडून उडी मारली की पिस्टन व्हॉल्व्हला लागतो, रॉकर तुटतात आणि हेड खोलावं लागतं. लाईट उडवून अशी गाडी महिनाभर चालवणं म्हणजे मोठा खर्च स्वतः ओढवून घेणं. खडखडीची तक्रार असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी सोडा, आम्हाला ती सकाळी थंड असतानाच स्टार्ट करायचीय, गरम येऊन पोचलेल्या गाडीत तो आवाज मिळत नाही.

चेनचं काम आम्ही पूर्ण किटवरच करतो, चेन, टेन्शनर, गाईड, स्प्रॉकेट. नुसता टेन्शनर टाकून द्या, स्वस्तात होईल, असं म्हणणाऱ्यांना नाही म्हणतो कारण लांबलेली चेन तशीच राहते आणि कव्हर परत खोलायची मजुरी परत तुम्हालाच. ऑइल बदलायचं ते किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल त्यावर. "चाललीच कुठे गाडी" हे कारण चेनच्या बाबतीत चालत नाही. ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलीय तीच घालतो, तुम्ही डबा घेऊन आलात तरी हरकत नाही, सीलबंद हवा.

चेकिंगचा चार्ज आम्ही घेतो आणि आधी सांगून घेतो. त्यात कोड वाचणं, लोडवर रोड टेस्ट, लाईव्ह डेटा आणि इंटेकची लीक टेस्ट येते, रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर मिळतो, तो घेऊन दुसरीकडे काम केलं तरी आमचं काही म्हणणं नाही. काम इथंच केलं तर चार्ज बिलात वजा होतो. बदललेला जुना पार्ट डिकीत ठेवून देतो, मागावा लागत नाही. सेकंडहँड १.३ घेत असाल तर व्यवहाराआधी हीच तपासणी करून देतो, फक्त विकणाऱ्याला सांगून ठेवा की गाडी थंड पाहिजे आणि बॅटरीची केबल काढलेली नको.

गाडी सोडताना कागदावर तीन गोष्टी लिहून द्या, लाईट कधी लागली, तेव्हा गाडी चढाला होती का सपाटीला, आणि शेवटचं ऑइल कधी बदललं. कोडचा फोटो असेल तर तोही पाठवून ठेवा, गाडी पोचायच्या आधी आम्ही बघून ठेवतो.